हाक आली तरी

योग शिकवणारी बाई स्वभावानं शांत असते, असा लोकांचा समज आहे. माझ्या घरच्यांना विचारा. भाकरी करपली तरी माझा आवाज चार घरं ओलांडून जातो. सासूबाई म्हणायच्या, "तिकडं बायांना श्वास घ्या, श्वास सोडा म्हनतीस, आन् घरात आली की आमचा श्वास कोंडतीस." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी कधी नाकारलं नाही. पण शिकवायला मला येतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात सकाळी माझा वर्ग भरतो. गुडघेदुखीवाल्या बाया, बीपीवाले दोन-तीन पुरुष आणि शवासनात हमखास घोरणारे एक निवृत्त गुरुजी, असा माझा शिष्यपरिवार.

ध्यानाला बसवताना मी एक गोष्ट रोज सांगायचे. "आवाज येतील. गाडीचा हॉर्न येईल, कोंबडा आरवेल, कुणी तुम्हाला हाक मारेल. येऊ द्या आणि जाऊ द्या. हाक आली तरी तिच्यामागं जायचं नाही. आपण श्वासापाशी थांबायचं." नगरला योगाचा कोर्स केला तेव्हा मी हे शिकले होते आणि मला ते फार आवडायचं. बायांना तर एवढं ऐकूनच निम्मं बरं वाटायचं, कारण घरी त्यांच्या मागं दिवसभर हाकाच असतात.

माझ्या नवऱ्याची यारी आहे. विहीर खोदताना काठावर जे यंत्र उभं करतात ती यारी. एक डिझेलचं इंजिन, पोलादी तारेचं गुंडाळं, विहिरीच्या तोंडावर पुढं आलेला लोखंडी हात आणि तारेच्या टोकाला बादली. बादली म्हणजे मोरीतली नव्हे, दोन माणसं आत उभी राहतील एवढी. खालची माणसं सुरुंगानं फुटलेला दगड तिच्यात भरतात, यारीवाला तो वर ओढून घेतो. माणसंही त्याच बादलीतून उतरतात आणि चढतात. खालून "घ्या" आलं की ओढायचं, "सोडा" आलं की सोडायचं, "थांबा" आलं की ब्रेकवर पाय. खाली असलेल्याचा जीव वरच्याच्या त्या एका पायात असतो.

आणि खाली माझा धाकटा भाऊ असायचा. माहेर कर्जतकडचं. तिकडं शेतात काही पिकत नाही असं नाही, पण दोन भावांचं भागेल एवढं पिकत नाही, म्हणून धाकटा आमच्याकडं आला, राहिला आणि खोदाईत तरबेज झाला. गावातल्या बाया म्हणायच्या, तुझं बरंय, नवरा वर आन् भाऊ खाली, सगळी घरचीच माणसं. मलाही तोवर बरंच वाटायचं.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात कुणा दुसऱ्याच्या यारीची तार तुटली. खाली माणूस होता. आमची यारी जवळच चालू होती म्हणून लोकांनी ह्यांना बोलावलं, आणि त्या माणसाला वर ह्यांनीच काढलं. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, झोपले. पण त्यानंतर घास हातात धरून बसून राहायला लागले. मुलीनं दोनदा विचारावं तेव्हा एकदा ऐकू जायचं. एक दिवस स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवला की थरथरतोय. ध्यान ऱ्हात न्हाई. मी आपल्या तारंकडं बघतो आन् मला ती दुसरीच तार दिसती."

मी म्हटलं, काम बंद ठेवा.

"चार दिवस ठेवीन. मग? यारीवाल्याचा पाय थरथरतो हे कळलं तर कोन इहीर देईल मला? आन् तुझ्या भावाला तर अजिबात बोलू नको. त्यो भिला तर खाली त्याचाच हात चुकंल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भावाला सांगावं तर नवऱ्याचा धंदा बुडतो, न सांगावं तर भाऊ रोज सकाळी त्या थरथरत्या पायाच्या भरवशावर खाली जातो. मला राग आला. भीती वाटली की मला आधी रागच येतो. "उद्यापासून वर्गाला या," मी म्हटलं, ते जणू पाय मुरगळल्याचं सांगत असावेत तसं.

ते आले. बायांच्या मागं, भिंतीला टेकून, लाजत बसले. एकीनं पदराआडून हसून घेतलं, मग तिलाही सवय झाली. मी त्यांना आधी दिव्याच्या ज्योतीवर नजर ठेवायला लावली. डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुटपुटायचे, "तारच दिसतीय." मी म्हणायचे, दिसू द्या, परत ज्योतीवर या. मग अनुलोम-विलोम, मग श्वास. बाकीच्यांचं सगळं आटपून मी त्यांना पुन्हा वेगळं बसवायचे. कुणाच्या मागं मी एवढी कधी लागले नव्हते. वर्गात मी त्यांचा चेहरा बघायचे आणि विहिरीवर डबा घेऊन गेले की चेहऱ्याकडं न बघता पायाकडं बघायचे.

पाय थांबला. एकदम नाही, पण थांबला. पावसाळा गेला, थंडी गेली, पुन्हा खोदाईचे दिवस आले, आणि मी काठावर उभी राहून बघितलं तर ब्रेकवरचा पाय दगडासारखा स्थिर. रात्री जेवताना म्हणाले, "आता आतमधी गोंधळ न्हाई. तार दिसती, श्वास कळतो, बाकी कायबी न्हाई." मी त्यांना ताटात जास्तीचा लाडू वाढला. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटला. दवाखान्याला जमलं नसतं ते मी सतरंजीवर बसवून केलं होतं.

त्या वर्षीची विहीर गावाबाहेर माळावर होती. आठ परस खाली गेली होती. हात वर करून उभ्या माणसाएवढा एक परस, असे आठ. मी दुपारी डबा घेऊन पोचले तेव्हा भाऊ एकटाच खाली होता. त्याचा जोडीदार पाणी प्यायला वर आलेला, आणि काठावर उभं राहून खाली नजर ठेवणारा गडी डिझेल आणायला गेलेला. भावानं बादली भरली आणि "घ्या" म्हणाला. ह्यांनी ओढायला घेतलं.

विहिरीच्या अंगाला निम्म्यावर एक काळा दगड जरा बाहेर आलेला होता. तो फोडायचा राहिला होता. बादली झोका खात वर आली आणि तिची कड नेमकी त्या दगडाखाली अडकली. तार ताणली गेली, बादली एका अंगाला कलायला लागली. दगडांनी भरलेली बादली, आणि तिच्या सरळ खाली माझा भाऊ.

"थांबा. दाजी, थांबा."

आवाज स्वच्छ आला. विहिरीतला आवाज वर येताना मोठा होऊन येतो. मी ह्यांच्याकडं बघितलं. कपाळावर एक आठी नव्हती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खांदे सैल, श्वास लांब आणि सावकाश. तो चेहरा मी ओळखला. रोज सकाळी व्हरांड्यात मी तोच चेहरा घडवत होते. इंजिन ओढत होतं आणि ते तारेकडं बघत होते.

"दाजी." ह्या वेळी आवाज फाटला होता.

मी ओरडले, "अहो, थांबा." चार घरं ओलांडणारा माझा आवाज, आणि त्यांनी मान वळवली नाही. डबा कुठं टाकला मला माहीत नाही. धावत गेले आणि त्यांच्या पाठीत बुक्की मारली. ते दचकले, ब्रेकवर पाय दाबला गेला, तार थांबली. बादली तिरपी लटकत राहिली. पण तोवर तिच्यातून दोन-तीन दगड सुटले होते. ते खाली आपटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. जोडीदार आणि मी काठाशी गेलो. खाली धूळ होती.

मग खालून शिवी आली. भावाच्या तोंडची शिवी ऐकून मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

तो विहिरीच्या अंगाला चिकटून उभा राहिला म्हणून वाचला. एक दगड मात्र खांद्याला लागून गेला आणि गळ्याखालचं हाड मोडलं. त्याला वर काढून, नगरला नेऊन, फोटो काढून हात बांधून होईपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्याच्या बाकावर हे आणि मी शेजारी बसलो होतो. ते खाली फरशीकडं बघत म्हणाले, "आवाज आला हुता."

"कुठला?"

"त्याचा. थांबा म्हनला त्यो. मला चांगला आयकू आला." मग म्हणाले, "मी जाऊ दिला."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. शिकवलेलं नीट पाठ केल्यावर मुलगा सांगतो तसं त्यांनी सांगितलं. आत गेलो तर भाऊच ह्यांची समजूत काढायला लागला. "इंजिनाचा आवाज लई हाय दाजी, कसं आयकू येनार." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. कर्जतहून आई आली, तिनं आमच्याकडं बघितलंही नाही, आणि त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "आवाज येतील," आणि तिथंच थांबले. तेवढ्यात शाळेच्या बाजूनं कुणी पोर आईला हाक मारत गेलं. माझ्या समोरच्या एकाही बाईची पापणी हलली नाही. मी सगळ्यांना डोळे उघडायला लावले आणि आज एवढंच म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी नुसते गुडघे आणि कंबर शिकवत होते.

इकडं ह्यांनी यारीवर ताडपत्री टाकली. पाय पुन्हा थरथरायला लागला, आता तर नुसतं खुर्चीत बसले तरी. विहिरीवाला फोनवर फोन करायचा, पाऊस पडायच्या आत विहीर पुरी करा म्हणायचा. हे फोन उचलायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "यारी इकून टाकतो." दुसरं काही करता येणारा माणूस असता तर मी हो म्हटलं असतं. पण वयाच्या विसाव्या वर्षापासून ते यारीवरच बसलेत.

मी म्हटलं, "मी तुमचं मन बांधलं, पण चुकीच्या खुंटीला बांधलं. सोडवून परत बांधू."

"आता नको तुझं ते ध्यान."

"डोळे मिटायचेच नाहीत."

अंगणात त्यांना पाटावर बसवलं, उजव्या पायाखाली वीट ठेवली. मी माझी कामं करायची. भांडी घासायची, शेळीला हाकलायचं, फोनवर बोलायचं, मुलीवर ओरडायचं, आणि ह्या सगळ्याच्या मध्येच, आवाज न चढवता, एकदा म्हणायचं, "थांबा." ते कानावर आलं की त्यांनी विटेवर पाय दाबायचा. पहिल्या दिवशी निम्म्या वेळा निसटलं. ते चिडायचे, मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडायचे. सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "दिसभर नवऱ्याला थांबा थांबा काय लावलंय? त्यो कुठं चाललाय?" ह्यांना हसू फुटलं. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

हळूहळू निसटणं कमी झालं. मी घराच्या मागून म्हणायचे, तोंडात घास असताना म्हणायचे, पाय दाबला जायचाच. एक मात्र झालं नाही. थरथर गेली नाही. वीट दाबलेली असायची आणि पाय त्या विटेवर थरथरत असायचा. माझ्या आधीच्या शिकवणीनं थरथर गेली होती आणि कान गेले होते. आता कान आले, थरथरही आली. हे पुरेसं आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. ते कळण्याची एकच जागा होती आणि तिथं माझ्या भावाचा जीव लागणार होता.

भावाचं हाड जुळलं. श्रीगोंद्याला काम आहे असं आईला सांगून तो मोटारसायकलवर थेट माळावरच्या विहिरीवर आला. ह्यांनी ताडपत्री काढून ठेवली होती. जोडीदार आला होता, मीही होते. भावानं डोक्याला पंचा बांधला. सोडून परत बांधला. चहा प्यायला. "तार बघितली का दाजी?" "बघितली." "ब्रेक?" "बघितला." परत चहा मागितला. बादली काठावर उभी होती आणि तो तिच्याकडं पाठ करून उभा होता. तो नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. हाडाचं जुळलं म्हणून आला होता, बाकीचं जुळलं नव्हतं, आणि ते बोलून दाखवणं त्याला मरणाहून अवघड होतं. ह्यांनाही तेच अवघड होतं. दोघं बाप्ये एकमेकांना तार आणि ब्रेक विचारत उभे.

मी ओढणी कमरेला बांधली आणि बादलीत जाऊन उभी राहिले.

जोडीदार म्हणाला, "वैनी, बाईमानसानं उतरायचं नसतं. इहिरीला चालत न्हाई."

"विहिरीला काय चालतं ते मी खाली जाऊन विचारते."

हे म्हणाले, "बादलीतनं भायेर ये."

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाय थरथरत होता, तो मला इथूनही दिसत होता. मग त्यांनी सोडलं.

आधी पिवळा मुरूम गेला, मग काळा पाषाण आला, ऊन वरच राहिलं. बादली हळूहळू फिरत होती. खाली टेकली तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं आणि ओल्या दगडाचा वास कोंडला होता. वर बघितलं तर परातीएवढं आभाळ. मी श्वासाकडं लक्ष द्यायला गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांना द्यायला लावते आहे, म्हटलं मला दहा श्वास तरी जमतील. एकही जमला नाही. मी भ्याले होते, बाकी काही नव्हतं. इथं माझा भाऊ रोज दिवसभर उभा राहत होता.

"घ्या," मी म्हटलं.

बादली उचलली गेली. निम्म्यावर तो पुढं आलेला दगड दिसला. बादली त्याच्या जवळ आली तेव्हा मी म्हटलं, "थांबा." ओरडले नाही. भांडी घासताना म्हणते तसंच म्हटलं.

थांबली. इतकी जागच्या जागी थांबली की माझे दात एकमेकांवर आपटले. मला आता "घ्या" म्हणायचं होतं, पण तोंडातून आवाज निघेना. मी तार धरून उभी राहिले. तार माझ्या मुठीत बारीक थरथरत होती. इंजिनामुळं असेल, नाहीतर नसेल.

वर त्यांनी इंजिन हळू केलं. मग त्यांचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता.

"तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या शेजारच्या गावातली तार तुटली ना, तवापासनं माझा पाय थरथरतोय. त्या दिवशी तुझा आवाज मला आयकू आला हुता. आन् हे बघ, आताबी थरथरतोय."

मी खाली लटकत होते आणि वर माझ्या संसाराचं आणि माहेराचं काय होतंय ते मला दिसत नव्हतं. त्यानं मोटारसायकलकडं चालायला सुरुवात केली असेल, असंही मला वाटून गेलं.

"दाबून धरलाय का पन?" तो म्हणाला.

"धरलाय."

"मला वाटलं, मी एकटाच भितोय. मगाधरनं चा पिऊन ऱ्हायलोय." मग त्याचं डोकं काठावर दिसलं. "ताई, वर यायचं हाय का तिथंच ऱ्हायचंय?"

"घ्या," मी म्हटलं. ह्या वेळी आवाज निघाला.

भावानं मला धरून बाहेर घेतलं आणि माझ्या जागी तो उभा राहिला. जोडीदार मागाहून उतरणार होता. "दाजी," तो म्हणाला, "मी खालनं सारखा बोलत ऱ्हानार. तुमी नुस्तं व्हय म्हनायचं. कटाळा करायचा न्हाई."

"व्हय," हे म्हणाले, आणि त्याला खाली सोडलं.

मी डबा ठेवून परत जाणार होते, पण गेले नाही. काठापासून जरा लांब बसून राहिले. आधी त्यानं तो पुढं आलेला दगड फोडायची गोष्ट काढली. मग झऱ्याची, मग मोटारसायकलच्या टायरची. "दाजी, ताईच्या मेथीत मीठ लई असतंय." वरून म्हणाले, "व्हय." मी डोळे वटारले, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर तारेवर होती आणि मान विहिरीकडं कललेली होती. दुपार कलल्यावर भावाकडच्या गोष्टी संपल्या. मग नुसतंच "दाजी" यायचं, पुढं काहीच नसायचं, आणि वरून लगेच "व्हय" जायचं. संध्याकाळी तो बादलीतून बाहेर आला तोवर ह्यांचा घसा बसला होता.